शाळा अंगणात नेणारी बाई

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळानं वस्तीतल्या अंगणवाडीत एक छोटा माहितीपट दाखवला. वीसेक मिनिटांचा, गरीब घरातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आहाराबद्दलचा. भिंतीवर पांढरी चादर लावली, कुणाच्या तरी मुलानं प्रोजेक्टर आणून दिला आणि कामं आटपून आलेल्या तीसेक बाया सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. पहिली काही मिनिटं नुसते तक्ते आणि आकडे. बायांची चुळबुळ सुरू झाली. एकदोघी उठायच्या बेतात होत्या.

मग पडद्यावर एक मुलगी आली. असेल चार-पाच वर्षांची. कडेवर धाकटा भाऊ. तिच्या वाटीत खिचडी वाढली गेली. ती वाटी घेऊन कोपऱ्यात गेली, भावाला मांडीवर घेतलं आणि पहिला घास त्याला भरवला. दुसराही त्याला. तिसराही. शेवटी वाटीच्या तळाशी जे उरलं ते बोटानं पुसून तिनं आपल्या तोंडात घातलं आणि वाटी धुवायला नेली. कुणी काही बोललं नाही. पार्श्वसंगीतही नव्हतं. पण आमच्या खोलीत एकदम शांतता पसरली. त्या सतरंजीवर बसलेल्या कितीतरी जणी लहानपणी त्याच मुलीच्या जागी होत्या ना!

माहितीपट संपल्यावर चहा झाला. तेव्हा आमच्या अंगणवाडी सेविकेनं मला सहज विचारलं, ताई, हे अंगणवाडी नाव ठेवलं कुणी? सरकारनं का? बावीस वर्षं ती हे काम करतेय. तिच्या रजिस्टरवर, पाटीवर, साडीवरच्या बिल्ल्यावर तो शब्द आहे. पण तो कुठून आला, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. जमलेल्या बायांमध्ये फक्त एका निवृत्त शिक्षिकेला ते नाव ठाऊक होतं. ताराबाई मोडक.

मैत्रिणींनो, त्या संध्याकाळी मी त्यांना ताराबाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते आहे. कारण पडद्यावरच्या त्या मुलीचा आणि ताराबाईंचा फार जवळचा संबंध आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. नुसते भाषणं करणारे सुधारक नव्हेत. त्यांनी स्वतः विधवेशी लग्न केलं होतं. त्या काळात अशा घराला समाजाकडून काय काय सोसावं लागायचं, हे आपल्याला वाचून माहीत असतं. ताराबाई त्या घरातच वाढल्या. लोक काय म्हणतील या प्रश्नाची भीती त्या घरात आधीच संपलेली होती. मला वाटतं, पुढे आयुष्यभर त्यांना त्याचाच उपयोग झाला.

१९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बाईनं बी.ए. होणं ही तेव्हा बोटावर मोजण्याइतकी गोष्ट. पुढे अमरावतीच्या एका वकिलांशी लग्न झालं. संसार थाटला, मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या कायद्यानं वेगळ्या झाल्या. आज शंभर वर्षांनंतरही घटस्फोट घेतलेली बाई आमच्या मंडळात आली की काहींच्या भुवया वर जातात. १९२१ साली काय झालं असेल! पण ताराबाई त्यावर रडत बसल्या नाहीत, की माहेरच्या आश्रयाला राहिल्या नाहीत. राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज नावाची शिक्षिका घडवणारी संस्था होती. तिथे त्या प्राचार्या झाल्या. चांगला हुद्दा, चांगला पगार, मानमरातब. दुसरी एखादी असती तर तिथेच निवृत्त झाली असती.

पण जवळच भावनगरला एक वेगळंच काम चाललं होतं. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांना इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार सापडले आणि त्यांनी वकिली सोडून दिली. दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, गाणी, गोष्टी, हातानं करायच्या गोष्टी. लोक या मिशीवाल्या माणसाला कौतुकानं मिशाळ आई म्हणायचे. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि १९२३ मध्ये त्या तिथे दाखल झाल्या. अडीच-तीन वर्षांच्या पोरांबरोबर जमिनीवर बसायला! १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. दोघांनी मिळून पुस्तकं लिहिली, शिक्षण पत्रिका हे मासिक गुजरातीत चालवलं. पुढे ताराबाईंनी ते मराठीतही काढलं. लहान मुलांनाही मन असतं, त्यांना मारायचं नसतं, हे आईबापांना पटवून देण्यातच या मासिकाची कितीतरी पानं खर्ची पडली.

नंतर त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. शिशुविहारचं नाव झालं. शिक्षिका तयार होऊ लागल्या. मध्यमवर्गीय आईबाप मुलांना हौसेनं तिथे घालू लागले. सगळं छान चाललं होतं. इथेच गोष्ट संपली असती, तर ताराबाई बालशिक्षणाच्या इतिहासात राहिल्या असत्या, पण आपल्या वस्तीतल्या पाटीवर आल्या नसत्या.

त्यांच्या मनात एक टोचणी होती आणि ती समजून घ्यायची तर थोडं इटलीला जावं लागेल. डॉ. माँटेसरींनी आपली पहिली बालशाळा कुठे काढली ठाऊक आहे? रोममधल्या सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत, ६ जानेवारी १९०७ रोजी. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर उंडारणाऱ्या, हडकुळ्या पोरांसाठी. बाई स्वतः डॉक्टर होत्या. त्यांच्या पद्धतीवरच्या पहिल्याच पुस्तकात मुलांच्या आहारावर एक अख्खं प्रकरण आहे. त्या बालशाळेत मुलंच ताटं मांडायची, मुलंच वाढायची. जेवण हा शिक्षणाचाच भाग होता. म्हणजे ही सगळी पद्धत जन्माला आली ती गरिबाघरच्या, अर्धपोटी मुलांच्या सोबतीनं. पण जगभर फिरून भारतात येईपर्यंत ती झाली पॉलिश केलेल्या लाकडी साधनांची, महागडी, पैसेवाल्यांची शाळा! १९३१ मध्ये गांधीजी लंडनला माँटेसरींना भेटले, तेव्हा त्यांनी नेमकी हीच आशा बोलून दाखवली होती, की हे शिक्षण श्रीमंतांच्याच नव्हे तर कंगालांच्या मुलांनाही मिळावं.

ताराबाईंनी ते मनावर घेतलं. १९४५ मध्ये त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं त्रेपन्न. आपल्याकडे या वयाच्या बायका गुडघ्यांना तेल लावत सुनेच्या हाती किल्ल्या देण्याचा विचार करत असतात!

बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं, डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, फार देखणं. पण गावाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये आणि आतल्या डोंगराळ भागात गरिबी अशी, की पाहवत नसे. आदिवासी वारली वेठबिगारीत अडकलेले. ज्या साली ताराबाई बोर्डीला गेल्या, त्याच साली त्याच भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा पेटला. एकीकडे गोदावरीबाई मजुरीसाठी माणसांना उभं करत होत्या आणि दुसरीकडे ताराबाई त्यांच्याच भागातल्या पोरांकडे वळत होत्या. दोघींचे मार्ग वेगळे, पण दोघींनाही दिसत होतं ते दैन्य एकच.

ताराबाईंना याच काळात एक साथीदार मिळाली. अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असं आयुष्य वाट्याला आलेली ही बाई पुढे शिकली, शिक्षिका झाली. एका ग्रामसेविका शिबिरात तिची आणि ताराबाईंची गाठ पडली आणि पस्तिसाव्या वर्षी ती बोर्डीला आली ती कायमची. एक घटस्फोटिता, एक बालविधवा. समाजानं ज्यांचा संसार संपला असं ठरवलं होतं, त्या दोघींनी मिळून हजारो मुलांचा संसार मांडला.

पण सुरुवात सोपी नव्हती. बालवाडी काढली तर ज्यांच्यासाठी काढली तीच मुलं येईनात. ज्याला तेव्हा हरिजनवाडा म्हणत त्या दलित वस्तीतली मुलं, मजुरांची मुलं. येणार कशी? अंगावर धड कपडा नाही, गावातल्या शाळेची सवय नाही, भीती मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची. आईबाप पहाटेच कामाला गेलेले, म्हणजे आणून सोडणारं कुणी नाही. आणि धाकटं भावंडं कडेवर. शहाण्यासुरत्या माणसानं अशा वेळी काय केलं असतं? या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही, असं म्हणून हात झटकले असते. आपण आजही किती सहज म्हणतो ते!

ताराबाईंनी उलटा विचार केला. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल. कुठे? त्यांच्या दारात, त्यांच्या अंगणात. म्हणून ती अंगणातली बालवाडी. अंगणवाडी! हा शब्द तिथे जन्मला. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यावस्त्यांत अंगणवाड्या, अशी रचना त्यांनी बसवली. दादरची लाकडी साधनं मागे राहिली. त्यांच्या जागी आले समुद्रावरचे शंखशिंपले, चिंचोके, पानं, फुलं, बिया, खडे, बांबू आणि माती. मोजायला शिकायला चिंचोके पुरतात आणि रंग ओळखायला फुलं. साधनाला पैसे नसले तरी शिकवणं अडत नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

मात्र अंगणात गेल्यावर पहिला धडा मुलांना नव्हे, बाईंनाच मिळाला असणार. गाणं शिकवायचं तर आधी मुलाचं वाहणारं नाक पुसावं लागतं. डोळ्यांना चिकटलेली घाण धुवावी लागते, नखं कापावी लागतात, केस विंचरावे लागतात, आंघोळ घालावी लागते. या बायांनी ते स्वतःच्या हातांनी केलं. ब्राह्मण घरातल्या शिकलेल्या बायांनी दलित आणि आदिवासी मुलांना मांडीवर घेऊन न्हाऊमाखू घालणं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आणि ही नुसती नीटनेटकेपणाची हौसही नव्हती. घाणीतून हगवण, हगवणीतून अशक्तपणा, अशक्तपणातून पुन्हा आजार, असं ते चक्र असतं. खाल्लेलं अंगी लागायचं तर आधी हात धुतलेले हवेत.

आणि मग पोटाचा प्रश्न. इथे मी माझ्याच अनुभवातलं सांगते. आपल्याला वाटतं, लहान पोर ते, त्याला कितीसं लागणार? चूक. चार वर्षांच्या मुलाचं वजन आईच्या वजनाच्या एक तृतीयांश असेल-नसेल, पण त्याला लागणारी ऊर्जा मात्र आईच्या निम्म्याहून जास्त असते. कारण ते वाढत असतं. आणि पोट तर एवढंसं! म्हणजे मोठ्यांसारखं दोन वेळा जेवून त्याचं भागतच नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, आणि त्यात डाळ, तेल, दाणे, अंडं असं काही भरीचं असावं लागतं. आता मला सांगा, जी आई सकाळी सातला बांधकामावर जाते आणि संध्याकाळी सातला येते, ती हे चार-पाच वेळांचं गणित बसवणार कसं? पोर सकाळी शिळी चपाती चहात बुडवून खातं आणि रात्रीपर्यंत कुरकुऱ्यांच्या पाकिटावर राहतं. पातळ पेजेनंसुद्धा पोट तट्ट फुगतं, पण अंगाला काही लागत नाही. आईचं प्रेम कमी नसतं हो, तिला दिवसा घरी राहणं परवडत नाही!

ताराबाईंच्या विचाराचं मोल मला इथे कळतं. गरिबाच्या मुलाची भूक, त्याची स्वच्छता, त्याचा खेळ आणि त्याचं शिकणं हे त्यांनी वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकलं नाही. मूल एकच, मग त्याच्याकडे बघणारी बाईही एकच. दिवसभर त्याच्या जवळ असणारी, त्याच्याशी बोलणारी, त्याला हाक मारणारी.

१९५७ मध्ये त्यांनी आणखी एक मुक्काम हलवला. बोर्डीहून आत कोसबाडच्या टेकडीवर, थेट वारल्यांच्या पाड्यांमध्ये. वय पासष्ट! तिथे तो कडेवरच्या भावाचा प्रश्न पुन्हा समोर आला. मोठी बहीण शाळेत आली तर धाकट्याला कोण सांभाळणार? घरी थांबली तर तिची शाळा बुडाली. म्हणून कोसबाडला त्यांनी विकासवाडी उभी केली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. बहिणीनं यायचं, भावाला पाळणाघरात ठेवायचं आणि आपल्या वर्गात जाऊन बसायचं. शाळेच्या वेळेपुरता तिच्या कडेवरचा भार उतरवायचा. इतकी साधी गोष्ट! पण ती सुचायला त्या मुलीच्या कडेकडे बघावं लागतं, नुसतं हजेरीपटाकडे बघून चालत नाही.

माहितीपटातली ती मुलगी आठवली ना? तिच्यासाठी साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका बाईनं उत्तर शोधून ठेवलं होतं. ते आपण वापरलं नाही, एवढंच.

तसंच गुराख्यांच्या पोरांचं. ती शाळेत येऊ शकत नव्हती, कारण गुरं राखायची असायची. मग शिक्षकच गुरांमागे कुरणात जाऊ लागला. गुरं चरताहेत आणि झाडाखाली पोरं शिकताहेत. तिचं नाव कुरणशाळा. प्रत्येक वेळी ताराबाईंची रीत तीच. मूल का येत नाही, याचा दोष मुलावर टाकायचा नाही, शाळेनं आपली जागा बदलायची.

१९६२ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यांच्यामागे कोसबाडचं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळलं.

ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आधी फक्त ३३ ठिकाणी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळेआधीचं शिक्षण, अशा सहा गोष्टी एका छपराखाली. आणि त्या छपराला नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत, आपल्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या आहाराबद्दल सरकारांना आदेश दिले आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा तो हक्कच झाला. म्हणजे ती वाटीभर खिचडी हे कुणाचे उपकार नाहीत, हे आम्ही वस्तीतल्या बायांना पुन्हा पुन्हा सांगतो.

मग प्रश्न संपला का? नाही ना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे ३६ मुलं वयाच्या मानानं कमी वजनाची आणि ३५ मुलं उंचीनं खुजी निघाली. ज्या जिल्ह्यात ताराबाईंनी काम केलं, त्याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. योजना होत्या, अंगणवाड्या होत्या, तरीही.

कुठे चुकतं, याचा एक धडा आम्ही स्वतःच्या हातानं गिरवला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळानं वस्तीतल्या कमी वजनाच्या मुलांसाठी शेंगदाणा-गुळाचे लाडू वाटायचं ठरवलं. आम्ही मोठ्या हौशीनं लाडू वळले, महिन्याची पाकिटं केली, घरोघरी नेऊन दिली, फोटोसुद्धा काढले! तीन महिन्यांनी सेविकेनं वजनं घेतली तर काटा जिथल्या तिथे. आम्हाला राग आला. आया लक्ष देत नाहीत, असं मीच मोठ्या तोंडानं बोलून गेले. तेव्हा एका आईनं मला शांतपणे विचारलं, ताई, घरात चार पोरं आहेत, एकालाच लाडू देऊन तिघांसमोर डबा कसा झाकू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर आम्ही पाकिटं बंद केली. सेविकेशी बोलून अंगणवाडीतच मुलांना बसवून भरवायला लागलो. पाळ्या लावल्या. दोन बायका सकाळी, दोन दुपारी. आधी हात धुवायचे, मग गाणं, मग खाणं. धाकटी भावंडंही आली तर त्यांनाही वाटी. काही मुलांची वजनं हळूहळू वर सरकली, काहींची नाही. जी सरकली नाहीत त्यांना दवाखान्यात नेलं. पण एक बदल सगळ्यांमध्ये झाला. मुलं बोलायला लागली! आधी मुकाट खाणारी पोरं आता वाटीत काय आहे, आज गाजर का नाही, असं भांडायला लागली. खाऊ घालणारा माणूस जवळ बसला की मूल नुसतं खात नाही, वाढतं. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं, अंगणवाडीच्या सतरंजीनं शिकवलं. पुढे ताराबाईंबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की आम्ही नवीन काहीच केलं नव्हतं. चुकत माकत त्यांच्याच अंगणात पोचलो होतो.

आज अंगणवाडीला लोक खिचडीचं केंद्र समजतात. सेविकेला ना धड शिक्षिका म्हणतात, ना धड कर्मचारी. तिला मिळतं ते मानधन. वजनं तिनं घ्यायची, मोबाईलमध्ये माहिती तिनं भरायची, लसीकरणाला बायका तिनं गोळा करायच्या, सर्वेक्षणं तिनं करायची. एवढं सगळं केल्यावर मुलाला मांडीवर घ्यायला तिच्याकडे वेळ उरतो कुठे? ताराबाईंच्या कल्पनेतली मुख्य गोष्ट तर तीच होती. पाकीट सरकार देऊ शकतं. मांडी मात्र माणसालाच द्यावी लागते.

त्या दिवशी गोष्ट संपल्यावर आमची सेविका काही वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, ताराबाईंचा एखादा फोटो मिळेल का? आता तिच्या अंगणवाडीत वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर तो लावला आहे. येणारी मुलं तिला विचारतात, ही आजी कोण? ती सांगते, ही आपल्या अंगणवाडीची आजी.

मैत्रिणींनो, तुमच्या घराजवळही एखादी अंगणवाडी असेल. कदाचित तुमच्या कामवाल्या मावशींची नात तिथे जात असेल. एकदा सकाळी तिथे जा. काही वाटायला नेऊ नका, फोटो काढू नका. सेविकेची परवानगी घेऊन नुसतं अर्धा तास मुलांबरोबर जमिनीवर बसा. आणि कुणाच्या कडेवर धाकटं भावंडं दिसलं, तर तेवढा वेळ त्याला आपल्या मांडीवर घ्या. बहिणीला तिची वाटी निवांत संपवू द्या.